दीडपट, सव्वापट आणि आईची वही

आपल्या या मालिकेत आजवर बहुतेक लढाया, नकाशे आणि रसद हेच विषय झाले. आज तलवार म्यानात ठेवू. आजचा इतिहास एका छोट्याशा खुणेचा आहे. स्वरांच्या डोक्यावर एक कंस काढतात आणि त्यात ३ किंवा ५ किंवा ७ असा आकडा लिहितात, ती खूण. इंग्रजीत तिला टुप्लेट म्हणतात. मी संगीतज्ञ नाही, पायदळातला माणूस आहे, त्यामुळे जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

या विषयात मी कसा शिरलो ते आधी सांगतो. आमचं घर ग्वाल्हेरचं. आई आज एकोणनव्वद वर्षांची आहे. मुलगी असताना ती तिथल्या माधव संगीत महाविद्यालयात शिकली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी शिंदे सरकारच्या आश्रयाने १९१८ साली उभं केलेलं तेच महाविद्यालय. तिच्या त्या दिवसांची एक वही घरात आहे, शाईने लिहिलेली. पानं बिस्किटासारखी झाली आहेत, धरली की कोपरा हातात येतो. माझी नात बंगळुरूला व्हायोलिन शिकते. तिला फक्त पाच रेघांचं स्टाफ नोटेशन वाचता येतं. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "आजोबा, पणजीच्या वहीतलं एक गाणं मला वाजवता येईल असं लिहून द्या ना." मी हो म्हणालो. सैन्यात असताना बँडमुळे स्टाफ नोटेशनशी थोडी तोंडओळख झाली होती. म्युझस्कोर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते लॅपटॉपवर घेतलं. वाटलं, आठवड्याचं काम. चार महिने गेले.

अडलं कुठे, तर खमाजमधल्या एका बंदिशीच्या तिसऱ्याच ओळीत. ज्यांनी भातखंडे पद्धतीची पुस्तकं पाहिली आहेत त्यांना आठवेल, की एका मात्रेत एकाहून अधिक स्वर असले की त्यांच्या खाली एक अर्धचंद्र काढतात, होडीसारखा. दोन स्वर असोत, तीन असोत, पाच असोत, होडी एकच. होडीत बसलेल्या सगळ्यांनी मिळून एक मात्रा वाटून घ्यायची. आईच्या वहीत एका होडीत लिहिलं होतं "ग - म". मधली आडवी रेघ म्हणजे ग लांबवायचा. मी काय केलं? बँडमध्ये कान तयार झालेला. लांब-आखूड, लांब-आखूड म्हटलं की आमच्या कानात कवायतीचं संगीत वाजतं. मी टिंब दिलेली नोट आणि तिच्यापुढे बारीक नोट असं टाकलं, म्हणजे ग ला पाऊण मात्रा आणि म ला पाव. मग आईजवळ लॅपटॉप नेऊन वाजवून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "हे पाय आपटत चाललंय रे."

तिचं बरोबर होतं. "ग - म" मध्ये जागा तीन आहेत. ग च्या दोन, म ची एक. म्हणजे ग ला दोन तृतीयांश मात्रा, म ला एक तृतीयांश. माझ्या पाऊण-पावमध्ये आणि यात फरक एका मात्रेच्या बाराव्या हिश्श्याचा. मिनिटाला १२० पावलं या वेगाने आपण संचलन करतो, तेव्हा एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. त्याचा बारावा भाग म्हणजे सेकंदाचा चोविसावा हिस्सा. एवढ्याशा फरकाने बाई चालत यायची तिथे शिपाई आला.

आता हा तृतीयांश सॉफ्टवेअरमध्ये घालायला गेलो आणि कळलं, की स्टाफ नोटेशनमध्ये तृतीयांशाला नोटच नाही. तिथे पूर्ण नोट आहे, अर्धी आहे, पाव आहे, अष्टमांश, सोळांश, बत्तीसांश आहे. दरवेळी निम्मं. टिंब दिलं की दीडपट होते. पण तीन सारखे भाग हवे असतील तर सरळ उपाय नाही. त्यासाठी खोटं बोलावं लागतं. तीन अष्टमांश नोटा लिहायच्या, वर कंस काढून ३ लिहायचे आणि वाचणाऱ्याला सांगायचं, की बाबा रे, या तीन दिसतात खऱ्या, पण दोनाच्या जागेत कोंब. हे झालं टुप्लेट.

यावरून आपल्याकडच्या पाढ्यांची आठवण झाली. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळं पाठ करून घेत. माझ्या आजोबांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, शेवटपर्यंत येत होती. पण त्यात तृतीयांशाचा पाढा कुठे आहे? पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड या सगळ्यांना घरगुती नावं आहेत आणि तिसऱ्या हिश्श्याला मात्र "एक तृतीयांश" असं कोर्टातल्या कागदासारखं नाव. निम्म्याचं निम्मं करत जाणं हाताला सोपं असतं, भाकरी मोडताना असो की कापड दुमडताना. युरोपची नोटेशन पद्धतही शेवटी या निम्म्यावरच येऊन थांबली. गंमत अशी की ती सुरू झाली होती तीनावर.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलोनचा फ्रँको नावाच्या विद्वानाने स्वराचं चिन्ह पाहून त्याची लांबी कळावी असे नियम बांधले. त्याच्या हिशेबात मोठा स्वर तीन भागांचा असला तरच "परिपूर्ण". कारण त्याने धर्मातून दिलं, ख्रिस्ती त्रयीचं. दोन भागांचा स्वर "अपूर्ण". म्हणजे त्या काळी तीन हा नियम होता आणि दोन ही तडजोड. त्यानंतर थोड्याच वर्षांत पेत्रुस दे क्रूचे नावाच्या रचनाकाराने एक भन्नाट गोष्ट केली. ब्रेविस नावाच्या एका स्वराच्या जागेत तो दोनापासून सातापर्यंत कितीही बारीक स्वर घालू लागला आणि एक गट कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला हे दाखवायला मध्ये एक टिंब देऊ लागला. मंडळी, नीट बघा. एक कालखंड, त्यात हवे तेवढे स्वर, आणि गटाची सीमा दाखवणारी एक खूण. भातखंड्यांची होडी आणि पेत्रुसचं टिंब यांच्यात सहाशे वर्षं आणि हजारो मैल आहेत, पण युक्ती तीच. त्या गटातले स्वर सारखे गायचे की कमी-जास्त, यावर अभ्यासक आजही भांडतात. ते भांडण ध्यानात ठेवा, आईच्या वहीतही ते निघालं.

चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये "आर्स नोवा", म्हणजे नवी कला, आली. फिलिप द व्हित्री आणि जाँ द म्यूरिस ही त्यातली मोठी नावं. त्यांनी दोनाच्या विभागणीला तीनाच्या बरोबरीचा दर्जा दिला. तीनाचं मोजमाप असेल तर पूर्ण वर्तुळ, दोनाचं असेल तर अर्धवट वर्तुळ. आज स्टाफच्या सुरुवातीला चार मात्रांसाठी जो इंग्रजी सी दिसतो, तो सी नव्हेच. ते फुटकं वर्तुळ आहे, अपूर्णाचं चिन्ह. बँडमध्ये मी वर्षानुवर्षं तो सी म्हणजे "कॉमन" असं समजत होतो, आणि तसं समजणारा मी एकटा नाही. त्या काळात तीनाचे दोन किंवा दोनाचे तीन करायचे झाले की तेवढ्या नोटा लाल शाईने लिहीत. लाल दिसलं की हिशेब बदलला. शतकाच्या शेवटी तर या लोकांनी कहरच केला. बोद कोर्दिए या रचनाकाराचं एक प्रेमगीत हृदयाच्या आकारात लिहिलेलं आहे, लाल-काळ्या शाईत, फ्रान्समधल्या शाँतिई इथे जपलेल्या हस्तलिखितात. इंटरनेटवर चित्र सापडेल, जरूर बघा.

पुढे छपाई आली. लाल शाईसाठी कागद दुसऱ्यांदा यंत्रातून काढावा लागतो. खर्च वाढतो, म्हणून काम काळ्यावर आलं. हळूहळू वर्तुळं गेली, लाल गेलं, दोनाचं राज्य झालं आणि एके काळचा परिपूर्ण तीन कंसातला आकडा होऊन बसला. मला हा इतिहासातला फार मोठा उलटफेर वाटतो. जो राजा होता त्याला आता दरवाजावर ओळखपत्र दाखवावं लागतं.

माझ्या "पाय आपटत" चुकीबद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण तीत मी चांगल्या संगतीत आहे. अठराव्या शतकात दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश अशी जोडी लिहायची सोय रुळलेली नव्हती. त्यामुळे रचनाकार पुष्कळदा पाऊण-पाव असंच लिहून टाकत आणि शेजारी तीनाचे गट चालू असले तर वाजवणाऱ्याने समजून घ्यायचं. शूबर्टच्या "विंटरराइज" या १८२७ सालच्या गीतमालेतलं एक गीत यासाठीच गाजलं आहे. एका हातात तीनाचे गट, दुसऱ्या हातात पाऊण-पाव. दोन्ही हातांचा शेवटचा स्वर एकत्र वाजवायचा की किंचित मागेपुढे? दोन बाजूंचे दिग्गज वाद घालत आले. शॉपाँच्या हस्तलिखितात एका प्रील्यूडमध्ये हे दोन स्वर त्याने बरोबर एकाखाली एक लिहिले आहेत, म्हणून त्याच्यापुरता कौल बराचसा मिळतो. शूबर्टच्या वेळी "हे पाय आपटत चाललंय" असं सांगायला कुणाची आई जवळ नव्हती.

शॉपाँचा विषय निघालाच तर, त्याच्या पहिल्या नॉक्टर्नमध्ये सुरुवातीलाच डाव्या हाताच्या सहा स्वरांवर उजव्या हाताचे अकरा येतात आणि लगेच बारावर बावीस. सहाला अकराने भाग जात नाही, वाजवणारा मोजत बसला तर गेलाच. ते अकरा म्हणजे आपली तान. समेच्या आधी पोचायचं, मधला हिशेब गळ्यावर सोडायचा. छापलेला ११ हा आकडा तिथे वाजवणाऱ्याला फक्त एवढं सांगतो, की घाबरू नकोस.

विसाव्या शतकात एका माणसाने मात्र या खोटेपणावरच बोट ठेवलं. अमेरिकन रचनाकार हेन्री कॉवेल. त्याचं पुस्तक १९३० साली आलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. तुम्ही तीन नोटांना "अष्टमांश" म्हणता आणि वर ३ लिहिता, पण त्या अष्टमांश नाहीतच. त्या पूर्ण नोटेचे बारावे भाग आहेत, तर तसं म्हणा आणि त्यांना वेगळा आकार द्या. म्हणून त्याने तीनाच्या कुळाला, पाचाच्या कुळाला, साताच्या कुळाला वेगवेगळ्या आकारांची डोकी सुचवली आणि स्वतःच्या रचनेत वापरलीही. कुणी ती उचलली नाहीत. पण त्याचं पुस्तक वाचून कॉनलन नॅनकॅरो नावाच्या दुसऱ्या अमेरिकनाने मेक्सिकोत बसून आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळ्यांना हाताने भोकं पाडली आणि माणसाला वाजवता येणार नाहीत असे लयींचे झगडे रचले. कॉवेलला भारतीय संगीताची ओढ होती. त्याच्या तेराव्या सिम्फनीचं नावच "मद्रास" आहे.

मद्रास म्हटल्यावर तिथली पद्धत सांगायला हवी. तमिळनाडूत राहिलेल्या आपल्या मराठी मंडळींना हे शेजाऱ्याच्या घरातून ऐकून माहीत असेल. मृदंगाचा विद्यार्थी आधी तोंडाने म्हणतो. तीनाला तकिट, चाराला तकधिमि, पाचाला तकतकिट, साताला तकिटतकधिमि. तिस्र, चतुरस्र, खंड, मिश्र, संकीर्ण, म्हणजे तीन, चार, पाच, सात, नऊ. हाताची टाळी स्थिर आणि तोंडातला भरणा बदलतो. तिथे पाच हा चाराइतकाच घरचा. कंस नाही, आकडा नाही, माफी मागणं नाही.

आणि आपल्या तबल्यात? आड म्हणजे दीडपट, कुआड म्हणजे सव्वापट, बिआड म्हणजे पावणेदोनपट. नावांबद्दल घराण्यांत मतभेद आहेत, पण ही वाटणी सर्वाधिक चालते. आता हिशेब करा. दीडपट म्हणजे दोनाच्या जागेत तीन. सव्वापट म्हणजे चाराच्या जागेत पाच. पावणेदोनपट म्हणजे चाराच्या जागेत सात. सॉफ्टवेअरच्या खिडकीत मला ३:२, ५:४, ७:४ असं भरावं लागतं, ते हेच. आमच्या पाढ्यांनी तृतीयांशाला नाव दिलं नाही, पण लयीने मागच्या दाराने दिडकी, सवायकी आणून ठेवली होती. हे समजल्यावर म्युझस्कोरची ती खिडकी मला एकदम ओळखीची वाटू लागली.

आपल्याकडच्या लेखनपद्धतींचाही एक छोटा रणसंग्राम झाला आहे. १८७४ साली कलकत्त्यात सी. बी. क्लार्क या इंग्रज शाळातपासनीसाने, जो मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ, लिहिलं की भारतीयांनी स्टाफ नोटेशन घ्यावं. सौरींद्रमोहन ठाकुरांनी त्याला कडक उत्तर दिलं. पण कृष्णधन बंद्योपाध्यायांनी १८८५ च्या "गीतसूत्रसार"मध्ये स्टाफचीच बाजू घेतली. तिकडे बडोद्याला मौलाबक्षांनी आपली स्वतंत्र पद्धत चालवली. आणि विसाव्या शतकात आपले दोन विष्णू आले, पलुसकर आणि भातखंडे. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या लांबीची खूण असते. अर्ध्या मात्रेची वेगळी, पाव मात्रेची वेगळी आणि तिसऱ्या व सहाव्या हिश्श्याचीही वेगळी. म्हणजे कॉवेलने जे मागितलं ते पलुसकरांकडे आधीच होतं. काटेकोर पद्धत, एखाद्या क्वार्टरमास्टरच्या खात्यासारखी. भातखंड्यांनी उलट केलं. मात्रा मोजा, होडी काढा, आत किती बसलेत ते मोजायचं काम वाचणाऱ्याचं. लिहायला आणि छापायला ही हलकी, आणि माझ्या मते याचमुळे ती जास्त पसरली. वकिली शिकलेला माणूस, अनावश्यक कलम कशाला घालेल?

यातून मला जे समजलं ते एवढंच. तीन, पाच, सात हे गट विचित्र नाहीत. त्यांना विचित्र ठरवते ती लिहिण्याची पद्धत. माझ्या जुन्या पलटणीचे बँड हवालदार पंचमढीला बँडचं प्रशिक्षण घेऊन आलेले. ऍडज्युटंट असताना मी त्यांना एकदा या तीनाच्या आकड्याबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले होते, "साहब, तीन-तीन ही चलना है तो छह-आठ में लिखो, नंबर की ज़रूरत ही नहीं." तेव्हा कळलं नव्हतं. सहा-अष्टमांशाच्या मापात मात्रा मुळातच तीन भागांची असते. तिथे "ग - म" साधा लिहिता येतो, कंसाशिवाय. पण तिथे एका मात्रेत दोन सारखे स्वर आले की कंस काढून २ लिहावे लागतात! परका कोण, हे घर कुणाचं आहे त्यावर ठरतं. आईची बंदिश छह-आठमध्ये बसत नव्हती, कारण तिच्यात चाराच्या होड्या तीनाच्या दुप्पट होत्या.

आता सॉफ्टवेअरच्या पोटात काय चालतं ते थोडं सांगतो, कारण जुना प्रश्न तिथे नव्या वेषात बसला आहे. स्टॅनफर्डला लीलंड स्मिथ यांचा स्कोअर हा प्रोग्राम सत्तरच्या दशकातला, १९८८ मध्ये फिनाले आलं, १९९३ मध्ये इंग्लंडच्या फिन जुळ्या भावांचं सिबेलियस. संगणकाला काळ मोजायला तुकडे लागतात. फिनालेने एका पाव नोटेचे १०२४ तुकडे धरले, सिबेलियसने २५६. दोन्ही दोनाच्या घातातले आकडे. १०२४ ला तीनाने भागा, ३४१ आणि वर एक तृतीयांश उरतो. म्हणजे साध्या तीनाच्या गटासाठीही आतल्या हिशेबात काटछाट आली. कानाला ती कळत नाही, पण उरलेला तुकडा कुणाच्या तरी पदरात टाकावा लागतो. म्युझस्कोरने ४८० धरले. त्याला तीनाने, पाचाने भाग जातो, साताने जात नाही. लिलीपाँड आणि २०१६ साली आलेलं डोरिको यांनी तुकड्यांचा नाद सोडून सरळ अपूर्णांकांत हिशेब ठेवला, एक सप्तमांश म्हणजे एक सप्तमांश. सातशे वर्षांपूर्वी फ्रँकोला पडलेला प्रश्नच प्रोग्रामरच्या टेबलावर आला, दोनाला मूळ मानायचं की नाही. फिनाले तर आता बंदच झालं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने पुढचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि पस्तीस वर्षांच्या फायली घेऊन बसलेल्या लोकांची धावपळ झाली. आईची शाईची वही सत्तरीत आहे, अजून उघडते.

तर म्युझस्कोरमध्ये करायचं असं. आधी गट मिळून किती जागा घेणार ते निवडायचं, आपल्यासाठी एक पाव नोट म्हणजे एक मात्रा. मग कंट्रोल आणि ३ दाबलं की तीन बारीक जागा तयार. पहिल्या दोन ग ला, तिसरी म ला. पाचासाठी कंट्रोल ५. सिबेलियसमध्ये उलटं, आधी पहिला स्वर टाकायचा आणि मग त्याला सांगायचं की तू तीनातला आहेस. मला म्युझस्कोरची रीत आवडली, कारण ती भातखंड्यांची रीत आहे. आधी होडी, मग माणसं.

पाचाच्या होडीशी आमची झटापट झाली. "ग म प ध नी" एका मात्रेत. मी पाच सारखे स्वर टाकले. आई म्हणाली, "इतकं सरळ नाही रे, ध वर जरा टेकायचं." किती टेकायचं? तिने हाताने दाखवलं. तीनदा दाखवलं, तीनदा थोडं वेगळं. पेत्रुसच्या सात स्वरांचं भांडण इथे माझ्या समोर बसलेलं. मी आकडे बदलून तीन-चार तऱ्हा करून बघितल्या. कंसात कंस घालता येतो, आधुनिक रचनाकार तसं करतातही, आणि ते पान मग रेल्वेच्या यार्डासारखं दिसतं. शेवटी पाच सारखेच ठेवले आणि ध वर एक छोटी आडवी रेघ दिली, टेकायची खूण. नातीला फोनवर सांगितलं, "इथे पणजीला फोन करून विचार." तिने विचारलं. दोघी पंधरा मिनिटं बोलत होत्या.

शेवटचा मुक्काम होता शेवटच्या ओळीचा शेवटचा विभाग. तीनताल, म्हणजे एका विभागात चार मात्रा. मी प्रत्येक विभागाला एक बार दिला होता. त्या विभागात वहीत पाच स्वर होते, "सां नी ध प म", आणि होडी एकही नाही. पान तिथे ओल लागून पिवळं झालेलं. वहीत वाचताना माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. सॉफ्टवेअर मात्र हटून बसलं. चार स्वर झाले, बार भरला, पाचवा पुढच्या बारात ढकलला. यंत्राच्या या हट्टाला मी सलाम करतो, त्याने न सांगता चूक दाखवली. कुठेतरी दोन स्वर एका मात्रेत होते आणि होडी ओलीत वाहून गेली होती. कुठे? पहिल्या दोनांखाली, दुसऱ्या जोडीखाली, तिसऱ्या की शेवटच्या? चार शक्यता.

आणि एक पाचवी. इतके महिने कॉवेल आणि कुआड डोक्यात घेऊन फिरणाऱ्या माणसाला ती न सुचली तरच नवल. पाचही स्वर सारखे, चार मात्रांत. सव्वापट! मी ५:४ भरलं, बार अगदी काठोकाठ भरला, कंस झोकात आला, हिशेबाला कुठेही भोक नाही. स्वतःवर खूश होऊन आईला ऐकवलं.

ती हसायला लागली. "असं कोण म्हणतं? ते कुआड तुझ्या तबलजीला दे." मग गप्प झाली. तिचा आवाज आता राहिलेला नाही, दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणानंतर गायचं सुटलं. पण उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर हलू लागला. धा धिं धिं धा. ओठ हलत होते. दोनदा आवर्तन गेलं, दोन्ही वेळा शेवटी ती अडखळली. मी म्हणालो, राहू दे, उद्या बघू. तिने हातानेच गप्प बस म्हणून सांगितलं. तिसऱ्या वेळी "सां, नी, ध," आणि मग "पम" असं एकदम आलं, आणि हात समेवर पडला.

"पेन्सिल दे," म्हणाली. वही मांडीवर घेतली, चष्मा वर सरकवला आणि प म च्या खाली, पिवळ्या डागावर, थरथरत्या हाताने होडी काढली.